घरासाठी नॅस: आधी बाहेरची प्रत ठरवा, मग डबा निवडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात एक डेस्कटॉप, विंडोज ११ चा एक लॅपटॉप, एक मॅकबुक आणि चार फोन आहेत. फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रं मिळून सुमारे दीड टीबी डेटा तीन जुन्या यूएसबी डिस्कवर विखुरलाय. तो एका ठिकाणी आणायचाय. नॅस, म्हणजे डिस्क बसवून घरच्या नेटवर्कवर सगळ्यांना फाइली देणारा डबा, कोणता घ्यावा, डिस्क कोणत्या घ्याव्यात, बसवायचं कसं? आणि राउटरच्या यूएसबी पोर्टलाच एक डिस्क लावली तर भागणार नाही का?

शेवटचा भाग आधी घेतो. राउटरला लावलेली डिस्क टीव्हीवर सिनेमे बघायला पुरते. घरातल्या फोटोंची एकुलती एक प्रत मात्र तिथे ठेवू नका. राउटरचा प्रोसेसर दुबळा असल्यानं वेग बहुतेक वेळा सेकंदाला २० ते ४० एमबीच्या आसपास अडकतो. डिस्कची तब्येत तपासायची सोय नसते, पुसलेली फाइल परत आणता येत नाही, आणि वीज गेली की चालू लिखाण अर्धवट तुटतं. शिवाय बरेच स्वस्त राउटर अजून एसएमबी या नेटवर्कवरून फाइली देण्या-घेण्याच्या प्रोटोकॉलच्या पहिल्या आवृत्तीवर चालतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर पसरलं ते याच जुन्या प्रोटोकॉलच्या भोकातून. आजच्या विंडोजमध्ये तो मुळात बसवलेलाच नसतो, आणि राउटरच्या डिस्कसाठी तो पुन्हा चालू करणं म्हणजे बंद केलेलं दार आपणच उघडणं.

आता पैशांचा क्रम. बहुतेक जण चार बेचा (डिस्कच्या चार खणांचा) डबा, भारी प्रोसेसर, एसएसडी कॅश (वेग वाढवायला जोडलेली एसएसडी) इथून सुरुवात करतात आणि बॅकअपच्या डिस्कला पैसे उरत नाहीत. तुम्ही उलटं करा. तीन डिस्कचा हिशेब धरा: दोन नॅसमध्ये, तिसरी बाहेर, यूएसबीवर. बजेटमध्ये दोनच डिस्क बसत असतील तर मिरर (दोन्ही डिस्कवर तोच डेटा एकाच वेळी लिहिणं) करू नका. एक डिस्क नॅसमध्ये ठेवा आणि दुसरी बॅकअपला वापरा. मिरर एकाच संकटात कामी येतो, ते म्हणजे एक डिस्क मरणं. चुकून पुसलेला फोल्डर मिररमधूनही त्याच क्षणी पुसला जातो. रॅन्समवेअर दोन्ही डिस्कवर एकदमच कुलूप घालतं. चोरी, आग, वळवाच्या पावसात विजेचा झटका यांत दोन्ही डिस्क एकाच डब्यात असल्यानं एकदमच जातात. मिरर असला की एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही, एवढाच त्याचा फायदा.

किती मोठ्या डिस्क? दीड टीबीला ४ टीबीच्या दोन डिस्क पुरेशा आहेत. विंडोजमध्ये ४ टीबीची डिस्क ३.६ च्या आसपास दिसते. त्यात फसवणूक नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. मिररमध्ये दोन डिस्क मिळून जागा एकाचीच मिळते, आणि नॅस ८० टक्क्यांच्या वर भरू नये, म्हणजे हाताशी सुमारे २.९ टीबी. वाढीचा अंदाज फोनच्या व्हिडिओवरून काढा. आयफोनवर ४के ६० फ्रेमचा व्हिडिओ एचईव्हीसी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात मिनिटाला सुमारे ४०० एमबी घेतो, तासाला २४ जीबी. ३० फ्रेमला मिनिटाला १७० एमबी. घरात कुणी लग्नसमारंभ किंवा मुलांचे सामने असं तासन्‌तास टिपत असेल तर थेट ८ टीबी घ्या. नंतर मोठ्या डिस्क टाकता येतात, पण दोन्ही बदलाव्या लागतात.

डिस्कचा प्रकार हा सगळ्यात महत्त्वाचा तांत्रिक मुद्दा आहे. सीएमआर (पट्ट्या सुट्या असलेल्या) डिस्क घ्या, एसएमआर नको. एसएमआरमध्ये शेजारशेजारच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, त्यामुळे एक पट्टी बदलायची तर पुढच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. रोजच्या वापरात हे जाणवत नाही. मिरर नव्यानं भरायची वेळ आली की मात्र लिखाण रखडतं, काही तासांचं काम काही दिवसांवर जातं, आणि कधी कधी नॅस ती डिस्क प्रतिसाद देत नाही म्हणून बाहेरच काढतो. डबीवर ‘नॅससाठी’ लिहिलंय एवढ्यावर विसंबू नका. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क गुपचूप एसएमआर निघाल्या होत्या. त्यानंतर कंपनीनं सीएमआर डिस्कना रेड प्लस असं वेगळं नाव दिलं. आज रेड प्लस किंवा सीगेट आयर्नवूल्फ यांपैकी काहीही घ्या. सीगेटची साधी बॅराकुडा ४ टीबी एसएमआर आहे, ती नॅससाठी नको. पोर्टेबल अडीच इंची डिस्क जवळजवळ सगळ्या एसएमआर असतात. बॅकअपला त्या चालतात.

दोन्ही डिस्क शक्यतो दोन वेगळ्या दुकानांतून किंवा वेगळ्या महिन्यांच्या बनावटीच्या घ्या, म्हणजे एकाच खेपेतला दोष दोन्हींत येणार नाही. हातात आल्यावर अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी किती उरलीय ते पाहा. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघडकीला आलं. त्यांचे स्मार्टमधले, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीतले, चालू तास शून्यावर आणलेले होते, खरे तास फार्म नावाच्या वेगळ्या नोंदीत सापडले. म्हणून नुसते तास बघून खात्री होत नाही.

डब्याबद्दल मी फार लिहीत नाही, कारण तुमच्या गरजेला दोन बेचा कोणताही चांगला नॅस पुरतो. दोन अटी मात्र सोडू नका: बीटीआरएफएस किंवा झेडएफएस फाइलप्रणाली आणि स्नॅपशॉटची (फाइली ठरावीक क्षणी जशा होत्या तशा परत आणण्याची) सोय. रॅम किमान २ जीबी असावी. १ जीबीवाल्या डब्यावर लाखभर फोटोंचे थंबनेल बनायला दिवसच्या दिवस जातात आणि तेवढा वेळ बाकी सगळं रेंगाळतं. इंटेलचा प्रोसेसर फोटोंसाठी इमिच किंवा व्हिडिओसाठी प्लेक्स हे प्रोग्राम चालवायचे असतील तरच लागतो. घेण्याआधी मॉडेलच्या सुसंगत डिस्कची यादी पाहा. एप्रिल २०२५ मध्ये सिनॉलॉजी या नॅस कंपनीनं त्या वर्षीच्या प्लस मालिकेत इतर कंपन्यांच्या डिस्कवर निर्बंध जाहीर केले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये डीएसएम या तिच्या प्रणालीच्या ७.३ आवृत्तीबरोबर ते मागे घेतले, तरी यादी पाहायची सवय असावी.

जुना डेस्कटॉप पडलाय, त्यावर ट्रूनॅस ही नॅसची प्रणाली टाकू का, असं पुष्कळ जण विचारतात. चालतो, पण किमान ८ जीबी रॅम द्या आणि विजेचा हिशेब करा. असा संगणक रिकामा बसूनही ५० वॅट खात असेल तर महिन्याला ३६ युनिट होतात. दोन बेचा नॅस सरासरी १८ वॅट धरला तर १३ युनिट. रास्पबेरी पाय ५ या छोट्या संगणकाला यूएसबी डिस्क लावायच्या असतील तर ५ व्होल्ट ५ अँपिअरचा ॲडाप्टरच हवा. साध्या ३ अँपिअरवर तो सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो आणि फिरणाऱ्या डिस्क मधेच तुटतात.

तार आणि वेग

नॅस राउटरला तारेनंच जोडायचा, आणि डेस्कटॉपलाही शक्य तर तारच. गिगाबिट तारेवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे १ टीबी अडीच तासांत जातो. तोच दुवा १०० मेगाबिटवर अडकला तर सेकंदाला ११ एमबी, आणि १ टीबीला पूर्ण दिवस. ‘नॅस हळू चालतो’ ही तक्रार आली की सगळ्यात आधी हेच तपासावं. कारणं बहुतेक वेळा दोनच असतात. एक, ब्रॉडबँडवाल्यानं दिलेल्या काही राउटरांत एकच पोर्ट गिगाबिट असतो आणि बाकीचे १०० चे. दुसरं, तारेतल्या चार जोड्यांपैकी एखादी तुटलेली किंवा प्लगमध्ये नीट न बसलेली असते. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. त्यामुळे तार ‘चालू’ दिसते पण दहापट हळू. विंडोजमध्ये इथरनेटच्या माहितीत दुव्याचा वेग लिहिलेला असतो आणि नॅसच्या नेटवर्क पानावरही. दोन्हीकडे १००० दिसायला हवं. पोर्टची अडचण असेल तर पाच पोर्टचा साधा गिगाबिट स्विच आणि कॅट ५ई किंवा ६ च्या तयार तारा घ्या, राउटर बदलायची गरज नाही. एसएसडी कॅशवर मात्र पैसे घालू नका. एकटी फिरती डिस्कसुद्धा गिगाबिट तार भरून टाकते.

मांडणी

डिस्क बसवण्याआधी त्यांच्या अनुक्रमांकांचा फोटो काढा आणि बेच्या पट्टीवर शेवटचे चार आकडे लिहून चिकटवा. डिस्क मेली की चुकीची ओढून काढणं ही घरच्या नॅसमधली नेहमीची दुर्घटना आहे, आणि ती या दोन मिनिटांत टळते.

प्रणाली बसली की डेटा टाकायच्या आधी दोन्ही डिस्कवर स्मार्टची विस्तारित चाचणी चालवा. ४ टीबीला साधारण सात-आठ तास लागतात, रात्रभर चालू द्या. नंतर क्रमांक ५, १९७ आणि १९८ या नोंदी पाहा: बदललेले, प्रलंबित आणि न दुरुस्त होणारे सेक्टर. नव्या डिस्कवर तिन्ही शून्य हवेत, नसतील तर परत करा. १९९ वाढत असेल तर दोष डिस्कचा नसून जोडणीचा असतो. डिस्क काढून पुन्हा घट्ट बसवा.

मग मिरर करा. सिनॉलॉजीत एसएचआर ही तिची स्वतःची मांडणी निवडली तरी दोन डिस्कवर तो मिररच असतो, आणि पुढे डिस्क वाढवणं सोपं जातं. सामायिक फोल्डर बनवताना ‘डेटा चेकसम’चा पर्याय त्याच वेळी निवडा. तो नंतर लावता येत नाही, आणि त्याच्याशिवाय डिस्कवर शांतपणे खराब झालेला फोटो ओळखण्याची बीटीआरएफएसची ताकद वाया जाते. दर तीन महिन्यांनी डेटा स्क्रबिंग (सगळा डेटा वाचून तपासणं) लावा. स्नॅपशॉट रोज एक, ३० दिवस ठेवायचे.

फोल्डर मोजकेच ठेवा: फोटो, कागदपत्रं, सिनेमे, बॅकअप. मूळचं ‘ॲडमिन’ खातं बंद करून वेगळ्या नावाचा प्रशासक बनवा आणि त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. रोजच्या वापराला प्रत्येकाचं साधं खातं. सिनेमांवर सगळ्यांना फक्त वाचायची परवानगी पुरते. रोज वापरायचा संगणक प्रशासकाच्या खात्यानं कधीही जोडू नका, कारण त्या संगणकात शिरलेलं रॅन्समवेअर तितकेच अधिकार घेऊन नॅसवर पोचतं.

राउटरमध्ये नॅसच्या मॅक पत्त्याला (नेटवर्क कार्डाचा क्रमांक, मॅकबुकशी संबंध नाही) कायमचा आयपी राखून ठेवा, समजा १९२.१६८.१.२०. हे करायचं राहिलं तर एखाद्या दिवशी वीज जाऊन आल्यावर पत्ता बदलतो आणि सगळ्यांच्या ड्राइव्हवर लाल फुली येते.

विंडोज ११ च्या बाबतीत दोन अडचणी हमखास येतात. प्रो आवृत्तीत पासवर्डशिवायचा अतिथी प्रवेश बंद असतो, आणि २४एच२ पासून एसएमबी साइनिंगही (प्रत्येक संदेशावर डिजिटल सही) सक्तीचं झालंय. जुन्या लेखांतला ‘गेस्ट चालू करा’ हा सल्ला त्यामुळे आता कामाचा नाही. नॅसवर बनवलेलं नाव आणि पासवर्डच द्या. विंडोजचा पिन इथे चालत नाही. दुसरी अडचण अशी की एकाच नॅसला एकाच वेळी दोन वेगळ्या खात्यांनी जोडायला विंडोज नकार देतं आणि १२१९ क्रमांकाची चूक दाखवतं. जुनी जोडणी तोडा, क्रेडेन्शियल मॅनेजरमधून नॅसची जुनी नोंद पुसा, पुन्हा लॉगिन करा.

मॅकबुकसाठी टाइम मशीन या मॅकच्या बॅकअपचा वेगळा फोल्डर करा आणि त्याला मॅकच्या डिस्कच्या दुप्पट एवढी मर्यादा घाला. मर्यादा नसेल तर टाइम मशीन मिळेल तेवढी सगळी जागा खातं.

डेटा हलवताना

जुन्या यूएसबी डिस्क लॅपटॉपला लावून वायफायवरून कॉपी करू नका. त्या थेट नॅसच्या यूएसबी ३ पोर्टला लावा आणि नॅसच्याच फाइल मॅनेजरमधून कॉपी करा. लॅपटॉप बंद केला तरी काम चालू राहतं. विंडोजवरूनच करायचं असेल तर रोबोकॉपी ही विंडोजमधलीच आज्ञा वापरा, पण पुन्हा प्रयत्नांची संख्या एकवर आणा. मुळात ती दहा लाख असते आणि दर प्रयत्नाआधी ३० सेकंद थांबते, म्हणजे एका खराब फाइलवर सगळं अडून बसतं. ‘मिरर’चा पर्याय इथे लावू नका, स्रोतात नसलेलं जे काही नॅसवर असेल ते तो पुसतो, आणि तीन डिस्क एकाच फोल्डरात आणताना पहिल्या डिस्कवरून आणलेलं सगळं त्यात साफ होतं.

मराठीत फाइलींची नावं लिहिणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं, कारण हा घोळ इंग्रजी मार्गदर्शकांत क्वचितच सापडतो. विंडोजवर फाइलचं नाव २५५ अक्षरांपर्यंत चालतं. नॅस लिनक्सवर चालतो आणि तिथली मर्यादा २५५ बाइटची असते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि काना, मात्रा, हलन्त हेही वेगळे मोजले जातात. ‘लग्नाचे’ हा एवढासा शब्द सात चिन्हांचा, म्हणजे २१ बाइटचा होतो. म्हणून मराठी नाव ८५ चिन्हांच्या पुढे गेलं की ती फाइल कॉपी होत नाही. सिनॉलॉजीचा एन्क्रिप्ट केलेला (किल्लीशिवाय न वाचता येणारा) फोल्डर असेल तर मर्यादा १४३ बाइटवर येते, म्हणजे जेमतेम ४७ चिन्हं. ‘आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या कार्यक्रमाची छायाचित्रं’ हे नाव माणसाला बेताचं वाटतं, पण तिथे बसत नाही. हलवण्याआधी लांब नावं शोधून आखूड करा, आणि कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण बाइट जुळवून पाहा. जुळेपर्यंत जुनी डिस्क पुसू नका.

काही गोष्टी नॅसवरून चालवायच्याच नाहीत. आउटलुकची पीएसटी फाइल, लाइटरूम क्लासिकचा कॅटलॉग, वायफायवरून उघडलेला टॅलीचा डेटा. हे चालू डेटाबेस आहेत, क्षणभर दुवा तुटला तरी बिघडतात. लाइटरूम तर नेटवर्कवरचा कॅटलॉग उघडतच नाही. ते संगणकावर ठेवा आणि नॅसवर फक्त त्यांच्या प्रती पाठवा.

बाहेरून पोचणं

राउटरमध्ये नॅससाठी पोर्ट (इंटरनेटवरून आत यायची वाट) उघडू नका, आणि यूपीएनपी बंद करा म्हणजे नॅसही ते परस्पर उघडणार नाही. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर आणि जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या रॅन्समवेअरनी इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस कुलूपबंद केले; फेब्रुवारीत असस्टोर कंपनीचेही गेले. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलची माय बुक लाइव्ह ही नेटवर्कवरची डिस्क वापरणाऱ्यांच्या डिस्क दुरूनच कोऱ्या करण्यात आल्या. त्या उपकरणाला २०१५ नंतर सुधारणाच मिळाल्या नव्हत्या. सुधारणा बंद झालेला नॅस घरातही इंटरनेटपासून तोडून वापरावा.

बाहेरून फोटो हवे असतील तर टेलस्केल हे आपल्याच उपकरणांना खाजगी वाटेनं जोडणारं साधन बसवा. आपल्याकडे बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी मिळतच नाही. राउटरचा वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या, म्हणजे अनेक घरांत वाटलेल्या एका पत्त्याच्या, मागे आहात आणि पोर्ट उघडूनही उपयोग शून्य. टेलस्केल त्यातूनही वाट काढतं, आणि परदेशी असलेल्या मुलाला किंवा बहिणीला घरचे फोटो सुरक्षितपणे दाखवता येतात.

वीज

नॅस, राउटर आणि फायबरचा डबा तिन्ही यूपीएसवर हवेत. ६०० व्हीएचा पुरतो, मात्र यूएसबीनं नॅसशी बोलणारा घ्या. बाजारातल्या अनेक स्वस्त यूपीएसना ते पोर्टच नसतं. नॅसला सांगा की वीज गेल्यावर पाच मिनिटांनी नीट बंद हो. घरचा इन्व्हर्टर पुरेल असं गृहीत धरू नका: साध्या मोडवर बदल होताना जो क्षण जातो त्यात नॅस पुन्हा सुरू होऊ शकतो. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते लावा, तरी नॅसचा यूपीएस वेगळा असू द्या. डबा बंद कपाटात ठेवू नका. डिस्कचं तापमान ४५ अंशांच्या आत राहायला हवं. कोकण-गोव्याकडे पावसाळ्यात तो भिंतीपासून वीतभर दूर आणि सतत चालू ठेवा, त्याच्या स्वतःच्या उबेमुळे आत ओल धरत नाही.

तिसरी डिस्क

बॅकअपची डिस्क रात्रंदिवस जोडलेली ठेवू नका. आठवड्यातून एकदा लावायची, बॅकअप पूर्ण झाला की सॉफ्टवेअरमधून बाहेर काढायची, कपाटात ठेवायची. सिनॉलॉजीच्या हायपर बॅकअपसारखं साधन जुन्या आवृत्त्या जपतं, पण त्या त्याच्याच स्वरूपात असतात आणि वाचायला त्याचंच एक्सप्लोरर लागतं. म्हणून फोटोंची एक साधी, कोणत्याही संगणकावर उघडेल अशी प्रतही करा. जुन्या तीन डिस्क धडधाकट असतील तर त्या यासाठीच वापरा आणि एक नातेवाइकाकडे ठेवा, एन्क्रिप्ट करून. किल्ली नॅसवर ठेवू नका. कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा आणि ती कुठे आहे हे घरात आणखी एकाला माहीत असू द्या.

दर तीन महिन्यांनी एक फोल्डर बॅकअपमधून दुसऱ्या संगणकावर परत आणून उघडून पाहा. ‘यशस्वी’ अशी हिरवी खूण बॅकअप लिहिला गेला एवढंच सांगते, वाचता येतो का ते सांगत नाही.

आणि नॅस ओरडू लागला, एक डिस्क गेली असं कळलं, तर नवी डिस्क घालायची घाई करू नका. आधी बॅकअपची डिस्क लावून ताजी प्रत घ्या, कारण मिरर भरताना उरलेली डिस्क तासन्‌तास सलग वाचली जाते आणि ती जायची असेल तर बहुधा तेव्हाच जाते. मग पट्टीवरचा अनुक्रमांक पडद्यावरच्या नोंदीशी जुळवा, बिघडलेली काढा, तेवढीच किंवा मोठी सीएमआर डिस्क घाला आणि दुरुस्ती सुरू करा. ४ टीबीला आठ ते बारा तास धरा. तोवर मोठ्या कॉपी टाळा, आणि संपल्यावर स्क्रबिंग एकदा हातानं चालवा.